गोधडीची पहिली झोप

आमच्या गावात बाई गेली की रडणं होतं, आंघोळी होतात, माणसं येऊन जातात. मग घर थोडं शांत झालं की एखादी म्हातारी हळूच विचारते, "अर्धी ऱ्हायनी का वं एखादी?" म्हणजे गेलेल्या बाईच्या मागं अर्धवट शिवलेली गोधडी राहिली आहे का.

केसरमाय गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही मिरचीच्या पथारीवर होतो. नंदुरबारच्या कडेला मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, त्याला आम्ही पथारी म्हणतो. हंगामात आमच्या गावच्या बाया तिथं देठ खुडायला जातात. फोन संगीताला आला. संगीता म्हणजे केसरमायची पुतणसून. तिनं फोन पदरात ठेवला आणि म्हणाली, "केसरकाकू गयी. सुरतमाच."

हातातली मिरची हातात राहिली. मग शेवटच्या ओळीतल्या एका म्हातारीनं सवयीनं विचारलं, "अर्धी ऱ्हायनी का वं?"

"नई," संगीता म्हणाली. "एक बी नई. तिनी सगळ्या भरी टाक्यात."

मग आम्ही परत देठ खुडायला लागलो. डोळ्यांना पाणी होतं, पण तिथं सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी असतं. कोण रडतंय ते कळत नाही.

केसरमाय आमच्या समोरच्या घरात राहायची. बुटकी, रुंद पंजाची, चालताना एका बाजूला कलणारी. पोलक्याच्या गळ्याशी कायम एक सुई टोचलेली आणि तिच्याभोवती दोरा गुंडाळलेला. रेशनला जाताना, लग्नाला जाताना, दवाखान्यात जातानासुद्धा सुई तिथंच. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात किंवा पथारीवर काम, घरी आल्यावर स्वतःची चूल. नवरा लवकर गेला होता, मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. कुणी विचारलं, "केसरमाय, थकनी का?" तर म्हणायची, "थकवा काय भाडोत्री शे का, मैना भरना का निंघी जाई? तो घरनाच शे."

गावातल्या अर्ध्या गोधड्या ती पुऱ्या करायची. आमच्याकडं नियम आहे. गेलेल्या बाईची अर्धी गोधडी तिच्या घरच्या बाईनं पुरी करायची नाही. दुसऱ्या घरचा हात लागतो. आणि ती वर्ष भरायच्या आत पुरी व्हायला पाहिजे. नाही झाली तर प्रकाशा गावी नेऊन तापी नदीत सोडायची. असं का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही. केसरमायला विचारलं तर ती म्हणाली, "घरनी बाई शिवाले बसनी का टाका टाकाले रडस. मंग गोधडी कवय भरी?"

गोधडी संपली किंवा झाली असं ती म्हणत नसे. भरली म्हणायची.

मी ब्राह्मणपुरीहून लग्न होऊन इथं आले. माणसांत बोलायची मला लाज वाटते, अजूनही वाटते. सासू होती तोवर बाहेरचं सगळं तीच बोलायची. ती गेली तेव्हा तिची एक गोधडी अर्धी होती. मला कुणाकडं जाऊन सांगायचं धाडस होईना. मी ती गहू ठेवायच्या कोठीमागं ठेवून दिली. सुतक फिटल्यावर एक दिवस केसरमाय सरळ घरात आली.

"बामनपुरीनी, ती आन."

"कोनती?"

"जी तू लपाडी ठेवेल शे ती."

तिनं ती अंगणात लिंबाखाली पसरली आणि लगेच सुई घेतली नाही. आधी सासूच्या टाक्यांवरून बोटं फिरवत बसली. आमच्याकडं गोधडी कडेनं शिवत शिवत आत नेतात, चौकोनात चौकोन घालत. मधे हाताच्या पंजाएवढा चौकोन शेवटी राहतो, त्याला पोट म्हणतात. केसरमायची बोटं कडेनं निघाली आणि आत आत आली.

"आठे देख," ती म्हणाली. "आठे ती ताजी व्हती. बारीक टाका. सकायना शे हाऊ. आनी आठे थकनी."

मी वाकून बघितलं. खरंच एका ओळीत टाके लांब लांब होत गेले होते, आणि पुढच्या ओळीत परत बारीक. सासू कधी थकली असं मला वाटलंच नव्हतं. ती कधी बोलली नव्हती.

"लांब टाके उसवू का?" मी विचारलं.

"काबरं? थकनी व्हती ती. चोरी नई करी तिनी."

मग जिथं सासूचा टाका संपला होता तिथूनच तिनं सुरुवात केली, तेवढ्याच लांबीचा टाका धरून. पुढं हळूहळू तो आपल्या टाक्याएवढा केला. आज ती गोधडी बघितली तर सासूचा हात कुठं संपला आणि केसरमायचा कुठं लागला ते मला शोधावं लागतं.

गोधडी भरत आली की ती घरच्या माणसाला हाक मारायची. पोट शिवण्याआधी त्यात घास घालायचा असतो. तो मात्र घरच्याच हातानं. गोधडीला उपाशी ठेवलं तर ती अंगावरच्या माणसाला झोपू देत नाही, असं म्हणतात. मी घास घातला. केसरमायनं पोट शिवून टाकलं, दोरा दातानं तोडला आणि गोधडी अंगणाच्या मधोमध नेऊन पसरली. आणि त्यावर झोपली.

दिवसाढवळ्या, रस्त्यावरून माणसं जाताहेत, आणि ती उताणी, हात बाजूला टाकून, डोळे मिटून. मी नवीन होते, मला काय करावं कळेना. वाटलं बाईला चक्कर आली. पाणी आणायला धावले. पाणी आणलं तर ती म्हणाली, "ठेव तठे. गोधडीनी पहिली झोप भरनारीनी ऱ्हास. तुले सांगं नई का सासूनी?"

एवढीच तिची मजुरी. दुसरं काही घेत नसे. आणि ती झोपही काही खरी झोप नसायची. चुलीवरचं दूध उतू जायला लागतं तेवढा वेळ. पण तेवढ्या वेळात तिच्या कपाळावरची आठी जायची, पायाची बोटं सैल होऊन बाहेरच्या बाजूला पडायची. गावातल्या कुठल्याच बाईला मी दिवसा असं पडलेलं बघितलं नव्हतं. ताप आला तरी आम्ही भिंतीला टेकून बसतो. आणि तिला कुणी काही म्हणत नसे. पुरुषमाणसं दिसली तर तीच मान खाली घालून बाजूनं जायची.

मग उठायची. म्हणायची, "चांगली शे. आंगले टाका लागत नई." आणि कामाला निघून जायची.

तिच्या हातूनही चुका व्हायच्या. आधी ती घास म्हणून गूळ लावलेली भाकरी घालायला सांगायची. वरच्या गल्लीतली एक बाई एकदा गोधडी काखेत मारून तिच्या दारात आली.

"केसरमाय, हाई काय शे?"

"काय शे?"

"उंदिरनी पोट फाडी टाकं ना!"

केसरमायनं भोकातून हात घातला, दुसऱ्या बाजूनं बोटं हलवून बघितली. "घास आपुन गोधडीले दिधा, खादा उंदिरनी. भुक्या त कोनी नई ना ऱ्हायना?"

ती बाई भांडायला आली होती, हसत बसली. केसरमायनं त्याच बैठकीत ठिगळ लावून दिलं. तेव्हापासून ती भाकरीऐवजी दादरचे कोरडे दाणे घालायला सांगायची. दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी.

दुसरी चूक मिरचीची. एका घरी लग्न होतं आणि त्याआधी गोधडी भरायची घाई होती. पथारीचे दिवस होते. मिरचीचा हात नुसत्या पाण्यानं जात नाही, दोन-दोन दिवस राहतो. हे तिला माहीत होतं, पण घाईत हात धुऊन बसली आणि भरून टाकली. पहिली झोप घेतली तेव्हा मान खाजवत उठली. म्हणाली, डास शेतस. त्या घरच्या म्हाताऱ्यानं, त्याला सगळे बापू म्हणायचे, पाहुण्यांच्या आधी स्वतःच ती गोधडी पांघरली. थोड्या वेळानं बापू उघड्या अंगानं गुरांच्या हौदात जाऊन बसला. सकाळी तो केसरमायच्या दारात उभा.

"केसर, हाई गोधडी शे का ठेचा?"

"बापू, थंडी वाजनी का तुमले?"

"थंडी कसानी वाजी!"

"मंग काम झायं ना."

सगळी गल्ली हसली, बापूसुद्धा हसला. पण केसरमायला ते लागलं. ती गोधडी तिनं ताकात भिजवून धुतली, वाळवली, परत धुतली. नंतर पथारीच्या दिवसांत तिनं सुईला हात लावला नाही. सुई गळ्याशी असायची, पण दोरा गुंडाळलेलाच.

तिच्या घराबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, आणि मधोमध एक भिंत. भिंतीच्या पलीकडं विठामाय राहायची, केसरमायची जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ. दोघी एका वर्षाच्या अंतरानं त्या घरात सून म्हणून आल्या होत्या. एका ताटात जेवायच्या असं म्हातारे सांगतात. सासरा बाजारातून लुगडी आणायचा ती दोघींना एकसारखी, म्हणजे भांडण नको. पुढं भावाभावांची वाटणी झाली आणि ही भिंत आली. भिंत बांधायच्या दिवशी गारा, म्हणजे चिखल, कालवायला पाणी लागलं तेव्हा केसरमाय हंड्यावर हात ठेवून बसली. "त्या भीतले मी पानी नई देवाव," म्हणाली. विठामायला वाटलं, ही चारचौघांत आपल्यालाच बोलली, आपणच नवऱ्याला वाटणी मागायला लावली असं म्हणाली. तेव्हापासून विठामाय तिच्याशी बोलली नाही. मग केसरमायही बोलली नाही. भाऊ दोघंही पुढं वारले. भिंत राहिली.

पण भिंत वरपर्यंत नव्हती. विटा कमी पडल्या म्हणून धाब्याच्या लाकडी कड्यांखाली हातभर जागा उघडीच राहिली होती. त्यातून धूर इकडचा तिकडं जायचा, खोकला ऐकू यायचा, आणि मांजर जायचं. मनी त्या मांजरीचं नाव. ती दोन्हीकडं जेवायची. दोघी बाया आयुष्यभर त्या मांजरीशी बोलल्या.

"मने," विठामाय मोठ्यानं म्हणायची, "आभाय भरी वनं. कोना तरी पापड धाबावर पडेल शेतस."

इकडून केसरमाय म्हणायची, "मने, तिले सांग, पापड मी कवयच काढी लिधात. कोनी काळजी करू नई."

"मने, काळजी कोन करी ऱ्हायनं? मी तुन्हासंगे बोली ऱ्हायनू."

मी समोरच्या अंगणात भांडी घासत हे ऐकायचे आणि तोंडात पदर धरायचे. पहिली मनी मेली, मग तिची पिल्लं, मग त्यांची. सगळ्यांचं नाव मनीच.

गावातली बाई कुणी चिडवायला म्हणाली, "केसरमाय, तुमनं त आते दोन घर झायात," तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "घर एकच शे. मधमा भीत शे त काय झायं? भाकर मोडी त दोन भाकरी व्हतीस का?"

तिचं हे बोलणं कुणी फार मनावर घेत नसे. तिला मात्र ते फार होतं, हे मला विठामाय गेल्यावर कळलं.

विठामाय पावसाळ्यात गेली. केसरमायनं सगळं सुतक पाळलं, एक दिवस कमी केला नाही. तेरावं झाल्यावर संगीता, विठामायची सून, एक गाठोडं घेऊन तिच्या दारात आली. मी पीठ मागायला गेले होते, म्हणून ते मी ऐकलं.

"काकू, हाई सासूनी. अर्धी ऱ्हायनी."

केसरमायनं गाठोड्याला हात लावला नाही. "तुन्हा घरमाच ठेव. मन्हा हात तिले चालत नई. घर एक शे."

"काकू, चुल्हा दोन शेतस."

"चुल्हा दोन शेतस. सुतक एकच पायं ना आपुन?"

संगीता खाली बघत राहिली. मग हळू म्हणाली, "सासूनीच सांगेल शे. म्हने, केसरलेच देजो."

केसरमायच्या हातात सूप होतं, त्यातले दाणे ती बोटानं इकडून तिकडं करत राहिली. विठामायनं असं सांगितलं म्हणजे तिनं केसरमायला दुसऱ्या घरची धरलं होतं. गोधडी घेतली तर केसरमायनं मान्य केलं असं होणार, की घरं दोन. नाही घेतली तर गोधडी अर्धीच राहणार.

"मरता मरता बी वाटणी करी गयी," केसरमाय म्हणाली आणि आत गेली.

गाठोडं संगीताकडंच राहिलं. पावसाळा गेला, मिरचीचे दिवस आले आणि गेले. गोधडी घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. जुन्या बाया गेल्या, नव्या पोरी बाजारातून मऊ ब्लँकेट आणतात. मधल्या आम्ही. आम्हाला येतं थोडं, पण अंगात जीव राहत नाही. आणि केसरमायच्या डोळ्यांवर तोवर पडदा आला होता. सुईत दोरा आम्ही ओवून द्यायचो. पथारीवर ती देठ बोटानं चाचपून खुडायची, त्यामुळं तिचे हात आमच्यापेक्षा जास्त जळायचे. मुलगा फोनवर म्हणत होता, आखाजी झाली की येतो, सुरतेला चल, डोळे दाखवू. ती हो म्हणाली. ती हो म्हणाली याचंच आम्हाला नवल वाटलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. विठामायची घागर याच आखाजीला होती. घागर भरली की वर्ष भरलं असं धरतात, म्हणून त्याआधी गोधडी भरायला पाहिजे होती. आखाजी जवळ आली तशी संगीता एका सकाळी भांडी लावता लावता भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "मने, ऐकं का? रविवारले सासूनी गोधडी तापीमा सोडाले जाई ऱ्हायनात."



त्याच दुपारी केसरमाय माझ्या अंगणात आली. गाठोडं काखेत.

"बामनपुरीनी, बस. सुई ले."

"माले जमनार नई, केसरमाय."

"जमनार नई अस कोनी ईचारं का तुले? तुन्हं घर दुसरं शे. तुले दोन हात शेतस. बस."

मी बसले. तिला नाही म्हणायला मला आलं असतं तर बरं, असं त्या वेळी वाटलं. सकाळपासून मी कांदा काढून आले होते, पाठ उभी राहत नव्हती. तिनं गाठोडं सोडलं आणि गोधडी लिंबाखाली पसरली. लिंबाचा मोहर गळत होता. ती नेहमीसारखी कडेनं बोटं फिरवायला लागली. मधेच थांबली. परत त्याच जागेवर बोट नेलं.

"हाऊ काठ देख. करवतकाठ शे का?"

"शे."

"रंग?"

"हिरवा."

"हिरवा कसा? पोपटी का गर्द?"

"गर्द."

ती तो तुकडा नाकाजवळ घेऊन बसली. "मन्हं लुगडं!" ती म्हणाली. "माहेरनं व्हतं. दोरीवर वाळत घालं व्हतं, गयं. मी कुत्रावर आळ घेतला. त्या गरीब कुत्राले मी धोंडा मारा वं!" आणि मग मोठ्यानं, भिंतीच्या दिशेनं, "चोट्टी! विठा, चोट्टी!"

असं हसताना मी तिला बघितलं नव्हतं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी. आवाज ऐकून संगीता धावत आली. तिला कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"काकू, माले माहीत नई व्हतं. सासूनी चोरी करी अशी..."

"चोरी कसानी?" केसरमायचं हसू थांबलं. "आपला घरमा कोनी चोरी करस का? दुसराना घरमा करतस चोरी." मग पदरानं डोळे पुसत आपल्याशीच म्हणाली, "म्हंजे तिले बी माहीत व्हतं."

संगीतानं माझ्याकडं बघितलं. मी सुईत दोरा ओवायला घेतला.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही बसायचो. मी शिवायचे, ती समोर बसून कापड ताणून धरायची. सुईला तिनं एकदाही हात लावला नाही. कधी कधी तिची बोटं माझ्या सुईकडं यायची, मग ती ती बोटं कापडाखाली घालून ठेवायची. विठामायचे शेवटचे टाके फार लांब होते, वाकडेही. काही ठिकाणी सुई खालच्या थरापर्यंत गेलीच नव्हती. तिथून मला सुरुवात करायची होती.

"तिनाच टाका धर," केसरमाय म्हणाली. "लांब शे त लांब."

मला लांब टाका धरायला काही अवघड गेलं नाही. मी थकलेलीच असायचे. ती माझ्या टाक्यांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "आठे थकनी तू."

"व्हय."

"ऊठ, पानी पे. टाका ऱ्हाऊ दे तसाच."

शिवताना ती फार बोलत नसे. एकदा म्हणाली, विठा नाचायची चांगली, आखाजीला झोक्यावर उभी राहून गाणी म्हणायची. एकदा म्हणाली, तिचं बाळंतपण अवघड होतं, मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले होते. एरवी नुसती लिंबावरची पाखरं. मी कधी डुलकी खायचे, सुई बोटात जायची, मग जागी व्हायचे. गोधडी आत आत येत गेली.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मधलं पोट राहिलं. मी संगीताला हाक मारली. ती मुठीत दादरचे दाणे घेऊन आली आणि गोधडीजवळ बसली. केसरमाय कापड धरून बसली होती. घास घरच्या हातानं घालायचा असतो. मला वर बघायचं धाडस झालं नाही.

संगीतानं मूठ उघडली. अर्धे दाणे आपल्या हातात ठेवले आणि अर्धे केसरमायच्या हातात दिले.

"काकू, मोठं मानूस तुम्ही. पहिले तुम्ही टाका."

केसरमायनं चाचपून पोट शोधलं आणि दाणे आत सोडले. एक दाणा बाहेर पडला, तो तिनं बोटानं हुडकून आत ढकलला. मग संगीतानं टाकले. मी पोट शिवून घेतलं. शेवटचा टाका घातला आणि दोरा दातानं तोडला. हात मोकळे झाले. काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. पाठ तेवढीच दुखत होती, पण घरात करायचं काहीच उरलं नाही असं वाटलं. घरात तर सगळंच पडलं होतं.

केसरमाय म्हणाली, "चाल, पड."

"मी?"

"मंग कोन? भरी कोनी?"

"लोके देखतीन."

"देखू दे. तेस्ना डोया शेतस."

संगीतानं गोधडी अंगणाच्या मधोमध ओढली. मी पडले. पाय पोटाशी घेऊन पडले, लाजेनं, तोंडावर पदर घेऊन. केसरमायनं माझे गुडघे धरून खाली दाबले. "सीधी हुई जाय. वर देख." मी पदर काढला. वर लिंब होता आणि त्याच्या फटीतून आभाळ. माझ्या अंगणातलं आभाळ मी कधी पडून बघितलं नव्हतं. खाली विठामायचे टाके, माझे टाके, एकही अंगाला लागत नव्हता.

मी उठायला लागले तर ती म्हणाली, "सरक तिकडे."

मी सरकले. ती माझ्या शेजारी आडवी झाली. कण्हत कण्हत, एक हात जमिनीवर टेकून, आधी बसली मग पडली. हिरव्या तुकड्यावर तिचा गाल आला. मनी कुठून तरी आली आणि गोधडीवरून, आमच्या पायांवरून, चालत गेली. केसरमायनं डोळे मिटूनच हात लांब केला, तिच्या पाठीवर ठेवला.

"मने," ती म्हणाली, "तिले सांग, भरनी."

मी वाट बघत राहिले की ती आता उठेल आणि म्हणेल, चांगली शे. ती उठली नाही. मी मान वळवून बघितलं. ती झोपली होती, खरी झोप. तोंड थोडं उघडं होतं, गळ्याशी टोचलेली सुई श्वासाबरोबर वर-खाली होत होती. मी अलगद हात घालून ती काढली आणि लिंबाच्या खोडाला टोचून ठेवली. मग हळूच उठले. संगीता कोंबड्या हाकत होती, तोंडानं आवाज न करता, नुसता पदर हलवून. नळाला पाणी आलं, बाया हंडे घेऊन निघाल्या, आणि आमच्या अंगणाशी येऊन एकेकीनं हंडा डोक्यावरून काखेत घेतला, वाजू नये म्हणून. ऊन तिच्या पायांपर्यंत आलं तेव्हा आम्ही दोघींनी गोधडीची दोन टोकं धरून तिला सावलीत ओढलं. ती जागी झाली नाही.

पुढं मुलगा तिला घेऊन गेला तेव्हा मी शेतात होते. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं ती तशीच आहे. गुरं घरी आली, चुली पेटल्या, भिंतीवरून धूर इकडचा तिकडं गेला, आणि केसरमाय अंगणात झोपलेली.